घरातल्या मांजरांची आठवण

श्रोतेहो,

ज्या कुटुंबात बरीच वर्षे मांजरे नांदली आहेत, तिथे घरातल्या घटनांची कालगणना हळूहळू मांजरांवरून होऊ लागते. भिंतींना रंग दिला तेव्हा काळू लहान होता, धाकटीची शाळा सुरू झाली तेव्हा मनी होती, अशी वाक्ये तिथे सहज बोलली जातात आणि सगळ्यांना लगेच उमगतात. नीट सांभाळलेले मांजर बहुधा १२ ते १८ वर्षे जगते. म्हणजे एखाद्या मुलाचे रांगण्यापासून घर सोडण्यापर्यंतचे सारे वय एकाच मांजराच्या संगतीत जाऊ शकते, आणि त्याच घरातल्या आजीने तोवर चार-पाच मांजरांना निरोप दिलेला असतो. अशा गेलेल्या मांजरांबद्दल आज मला बोलायचे आहे. माझे सांगणे एवढेच आहे की मांजराची आठवण कुटुंबातल्या कोणा एकाकडे पूर्ण नसते. ती घरभर विखुरलेली असते, आणि सगळ्यांनी मिळून ती गोळा केली नाही, तर एकेका माणसाबरोबर तिचा एकेक भाग कायमचा जातो.

याचे कारण मांजराच्या वागण्यातच आहे. मोठी झालेली मांजरे आपापसांत म्याव असा आवाज क्वचितच काढतात. पिल्लू असताना आईला हाक मारायला वापरलेला तो आवाज पुढे ती प्रामुख्याने माणसांसाठी वापरतात. कोणासमोर ओरडले की दार उघडते, कोणासमोर नुसते बसून राहिले तरी पुरते, हे प्रत्येक मांजर आपल्या घरापुरते शिकून घेते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक कॅरन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की खाणे मागताना काही मांजरे गुरगुरण्यात रडण्यासारखा एक उंच सूर मिसळतात, आणि माणसाच्या कानाला तो अधिक निकडीचा वाटतो. म्हणजे ज्याच्या हातून खाणे मिळते त्याच्या वाट्याला एक आवाज येतो आणि ज्याच्या मांडीवर झोप मिळते त्याच्या वाट्याला दुसरा.

आमच्या मनीबद्दल घरात विचारले तर तीन वेगवेगळ्या मांजरांची वर्णने ऐकायला मिळतात. आईच्या आठवणीतली मनी शिस्तीची आणि अबोल होती. भांड्यांच्या आवाजाने तिचे कान फक्त मागे वळत, ती जागची हलत नसे. वडिलांना आठवते ती पहाटे उशाशी येऊन, नखे आत ओढून घेतलेला पंजा हलकेच त्यांच्या पापणीवर ठेवणारी मनी. डोळे उघडले नाहीत तर पंजा तसाच राही; दाब वाढत नसे आणि पंजा उचललाही जात नसे. बहिणीच्या मनीने मात्र आपली पिल्ले एका रात्रीत, एकेक मानेला धरून, कपाटातून तिच्या पांघरुणात आणून ठेवली होती. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. त्या फेऱ्यांमध्ये मनीने बहिणीचे अंथरूण निवडले, हा मान बहीण आजही मिरवते, आणि तो तिने मिरवावा असे मला वाटते. पापणीवरच्या पंजाची गोष्ट वडिलांनी आम्हाला मनी गेल्यानंतर सांगितली. त्यांनी ती सांगितली नसती तर मनीचा तेवढा भाग आमच्यापुरता घडलाच नसता.

चांदीची गोष्ट निराळी. ती पांढरीशुभ्र होती आणि तिचे दोन्ही डोळे निळे होते. अशा मांजरांमध्ये जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण बरेच मोठे असते, कारण रंगद्रव्य तयार करणाऱ्या ज्या पेशी केसांना आणि डोळ्यांना रंग देतात, त्याच आतल्या कानाच्या कार्यालाही लागतात. चांदीला ऐकू येत नव्हते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने ओरडत असे, आणि तिला बोलवायचे तर जमिनीवर टाच आपटावी लागे. तो हादरा पंजांना जाणवला की ती वळून पाही. ती झोपलेली असताना मागून हात लावायचा नाही, आधी तिच्यासमोर यायचे, हे घरातल्या लहानग्यांनीही न शिकवता आत्मसात केले. चांदी गेल्यावर कितीतरी दिवस घरात शिरणारा प्रत्येकजण उंबरठ्यावर टाच आपटत होता. मांजराच्या आठवणीविषयी बोलताना आपण त्याच्या सवयी सांगतो, पण त्याने आपल्याला लावलेल्या सवयीही त्या आठवणीचाच भाग आहेत, आणि त्या सांगायच्या राहून जातात.

माणसाने मांजराची आठवण जपण्याचे प्रकार फार जुने आहेत. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाजवळच पुरलेले मांजर सापडले, आणि ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. इजिप्तमधल्या घरात मांजर मेले की घरातले सगळे भुवया काढून टाकत, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवले आहे. शोक कोणा एका धन्याचा न राहता साऱ्या घराचा होई, ही त्या नोंदीतली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथल्याच थुटमोस नावाच्या राजपुत्राने आपल्या मांजरीसाठी चुनखडीची शवपेटी घडवून घेतली होती, आणि ती आजही टिकून आहे. तरीही मला त्या शवपेटीपेक्षा जपानचा सम्राट उदा याने ८८९ मध्ये रोजनिशीत आपल्या काळ्या मांजराविषयी लिहिलेला मजकूर श्रेष्ठ वाटतो. ते शाईसारखे काळेभोर होते, वेटोळे करून बसले की किती लहान दिसे, अंग ताणले की किती लांब होई, चालताना त्याचा आवाज कसा येत नसे, हे त्याने बारकाईने टिपले आहे. मांजर गुणी होते, प्रेमळ होते, असे लिहून त्या मांजराचे काहीच उरत नाही, कारण ते कोणत्याही मांजराबद्दल लिहिता येते.

नव्या मांजरात जुने शोधण्याचा मोह बहुतेक घरांत होतो. जुन्याचेच नाव नव्याला देणारेही असतात. या संदर्भात एक घटना आवर्जून सांगावीशी वाटते. २००१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पहिले क्लोन केलेले, म्हणजे एका मांजराच्या पेशीपासून तयार केलेली त्याची जनुकीय प्रतिकृती असलेले मांजर जन्मले. ज्या मांजरीच्या पेशीपासून ते केले ती तिरंगी होती, पण क्लोनच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. तिरंगी मांजरीच्या शरीरात नारिंगी आणि काळ्या रंगाची जनुके दोन वेगवेगळ्या एक्स गुणसूत्रांवर असतात. गर्भावस्थेत प्रत्येक पेशीत त्यांतले एक गुणसूत्र यदृच्छेने बंद पडते, आणि त्यावरून ठिपके ठरतात. तेच मांजर पुन्हा मिळवण्याचा सर्वांत थेट मार्गही अंगावरच्या ठिपक्यांपाशीच अडला. मग त्याच्या पंजाचा दाब आणि त्याचे ठरलेले कोपरे कुठून परत मिळणार?

मांजरांमध्ये उजवे-डावे करू नये, असे मला मनापासून वाटते. अठराव्या शतकातले इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या बोक्याला खायला स्वतः बाजारातून कालवे, म्हणजे शिंपल्यातले मांस, आणत, कारण नोकरावर ते काम टाकले तर तो त्या मुक्या जिवाचा राग करील, अशी त्यांना काळजी होती. याहून आवडती मांजरे मी पाळली आहेत, असे ते एकदा बोलून गेले, आणि हॉजला वाईट वाटले असावे असे जाणवून त्यांनी लगेच पुस्ती जोडली की हाही फार उत्तम बोका आहे. जॉन्सन यांचा मित्र बॉसवेल याने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग मला अतिशय हृद्य वाटतो.

शेवटच्या आजारपणाविषयी थोडेच बोलतो. म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदा होतो. ते पाणी जास्त पिऊ लागते, वजन घटते, नेहमीच्या उंचीवर उडी मारण्याआधी थांबून अंदाज घेऊ लागते. आमचा काळू असाच गेला. पुढे बरेच दिवस काळू म्हटले की त्याची खपाटीला गेलेली कूस आणि विस्कटलेले केसच डोळ्यांपुढे येत, आणि त्या काही आठवड्यांनी आधीची सारी वर्षे झाकून टाकली होती. त्यावर घरातल्या बोलण्यानेच उतारा पडला. ज्याने काळूला पिल्लू असताना पाहिले होते, पडद्याला लोंबकळून अडकलेले पाहिले होते, त्याने ते पुन्हा पुन्हा सांगितले, तेव्हा कुठे तो आम्हाला सबंध आठवू लागला. घरातल्या मुलांपुढेही हे बोलावे. त्यांचे दुःख काल्पनिक नसते, आणि दुसरे आणू या म्हणून ते हटतही नाही.

म्हणून आम्ही एक वही केली आहे आणि आपणही ती करावी अशी माझी विनंती आहे. त्यात प्रत्येकाने आपल्या हातांनी लिहावे, कारण एकाने सगळ्यांच्या वतीने लिहिले की सगळी मांजरे त्याच्या एकट्याच्या नजरेची होतात. छायाचित्रांच्या मागे नाव आणि वर्ष घालावे; काळ्या मांजरांच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे, कारण पन्नास वर्षांनी दोन काळे बोके छायाचित्रात वेगळे ओळखणारा कोणी घरात उरलेला नसतो. आवाज मात्र छायाचित्रात येत नाही, म्हणून मांजर हयात असतानाच त्याचे गुरगुरणे आणि हाक ध्वनिमुद्रित करून ठेवावी. आठवणी जुळल्या नाहीत तर त्या जुळवण्याचा आग्रह धरू नये. काळू रात्री खिडकीत झोपे असे माझा भाऊ म्हणतो, आणि तो दाराशी झोपे याबद्दल आईला तिळमात्र शंका नाही. आमच्या वहीत दोन्ही लिहिलेले आहे.