यमाईच्या वाटेवरची चित्रं

सातारा जिल्ह्यातलं औंध. मूळपीठाची टेकडी चढताना वाटेतच भवानी संग्रहालय लागतं. यमाईच्या दर्शनाला निघालेली माणसं पाय मोकळे करत आत शिरतात आणि थेट राजा रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर येऊन उभी राहतात. विराटाघरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी. नाव बदललंय, काम बदललंय, मान मात्र तिचीच.

मी चित्रकार आहे, याच मुलखातला. ही खोली मला मुंबईतल्या कुठल्याही गॅलरीपेक्षा मोठी वाटते.

१९३८ साली हे संग्रहालय उभारलं औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. बाळासाहेब. ते स्वतः चित्रं काढत, कीर्तनही करत. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. मला हे दोन्ही निर्णय एकाच मनातून आलेले दिसतात. त्यांनी इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्पही इथे आणलं. विलायतेतली नवी कला खटाव तालुक्यातल्या माणसाला कळणार नाही, असं ते धरून चालले नाहीत. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

लोक विचारतात, तुमच्या चित्रात सातारा कुठंय? त्यांना अजिंक्यतारा हवा असतो, पटका हवा असतो, बैलजोडी हवी असते. काढावीत की, खुशाल काढावीत. पण तेवढ्यानं चित्र इथलं होत नाही.

माणदेशाकडचा उन्हाळ्यातला माळ घ्या. हात आपसूक यलो ऑकरकडे, त्या मातकट पिवळ्याकडे जातो. त्यात थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, किंचित पांढरा, झाला माळ. पण भर दुपारी तिथं उभं राहून बघा. झळांमागची टेकडी फिकट जांभळी दिसते, बाभळीखालची सावली चक्क निळी. सवयीचा रंग बाजूला ठेवून तो निळा लावायला धीर लागतो. माझ्या लेखी चित्रकाराची नीतिमत्ता तिथं सुरू होते. दिसलं ते लावायचं, विकेल ते नव्हे. पोटापाण्याचा प्रश्न मलाही आहे, पण त्याचं उत्तर त्या सावलीकडून वसूल करायचं नाही.

आणि चित्र कुणासाठी? ज्याच्या माळाचं ते आहे, त्यानं बघावं म्हणून. पौषातल्या यात्रेत, दुकानांच्या रांगेत, मला माझी चित्रं मांडायची आहेत. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला एखादा म्हातारा थांबेल, म्हणेल, "दुपारचं हाय व्हय हे? मग सावली एवढी लांब कशी पडली?"

त्याच्याशी मला बोलायचंय.