पंचवीस सेंटचा पेरी मेसन

हा जो आख्खा कप्पा दिसतोय ना, तो एकाच माणसाचा आहे, अर्ल स्टॅनले गार्डनर. पेरी मेसनवाला, म्हणजे खुनाचे खटले सोडवणाऱ्या त्या कादंबऱ्यांतल्या वकिलाचा लेखक. आपल्याकडे फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांनी हे नाव शंभर वेळा वाचलं असेल, पण तिथे मिळायच्या त्या बऱ्याचशा ब्रिटिश आवृत्त्या, पॅनच्या नाहीतर पेंग्विनच्या हिरव्या कव्हरच्या. आज बघायचाय तो अस्सल अमेरिकन माल.

माणूस मुळात वकील, कॅलिफोर्नियातला. लॉ स्कूलमधून बॉक्सिंगच्या भानगडीमुळे सुरुवातीलाच बाहेर पडला, मग स्वतःच अभ्यास करून १९११ मध्ये वकिलीची सनद मिळवली. दिवसा कोर्ट आणि रात्री पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या सनसनाटी मासिकांसाठी धडाधड गोष्टी पाडायच्या. १९३३ मध्ये 'द केस ऑफ द व्हेल्वेट क्लॉज' आली, ती मेसनची पहिली कादंबरी, आणि मग थांबलाच नाही, एकट्या मेसनच्याच ८० च्या वर झाल्या, त्यातल्या बहुतेक तर तोंडी सांगून, सेक्रेटरी टाइप करत बसायच्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा ढीगभर छापलेला लेखक, त्यात जमवण्यासारखं काय? मुद्दा बरोबर आहे. पुस्तक मिळणं कठीण नाहीच, कठीण आहे ते धड अवस्थेतलं मिळणं.

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉकेट बुक्सने २५ सेंटची पुस्तकं काढली, औषधांच्या दुकानात, स्टेशनवर, पेपरच्या स्टॉलवर, जिथे माणूस उभा तिथे पुस्तक. लोकांनी ती खिशात कोंबली, बसमध्ये वाचली, कणा मोडेपर्यंत उलटी दुमडली आणि दिली टाकून. जपून ठेवायला कोण घेत होतं? त्यात कागद एकदम हलका, आम्लाने स्वतःच तपकिरी होत जाणारा. हा कोपरा जवळून बघा. कव्हरवर जी चकचकीत पारदर्शक फिल्म आहे ती इथून सुटायला लागलीये, पॉकेट बुक्सच्या जुन्या प्रतींचं हे कायमचं दुखणं, आणि एकदा सुटली की नखाने ओढायचा मोह होतो, प्लीज ओढू नका, खालची शाई पण सोबत येते.

टायटल पानाच्या मागे कितवी छपाई ते लिहिलेलं असतं, आधी ते बघायचं, कारण तेच पुस्तक पुन्हा पुन्हा छापताना मधेच चित्र बदलायचं, म्हणून एकाच मेसनच्या चार-चार प्रती घेणारे लोक असतात आणि घरच्यांना ते काही केल्या पटत नाही.

माझ्या मते खरा खजिना मात्र डेलचा, हा स्वस्त पुस्तकं काढणारा दुसरा अमेरिकन प्रकाशक. गार्डनरने ए. ए. फेअर या टोपणनावाने बर्था कूल आणि डॉनल्ड लॅम ही जोडी लिहिली, ती पैशाला घट्ट धिप्पाड बाई, हा किडमिडा पण डोकेबाज पोरगा, आणि खरं सांगू का, मला मेसनपेक्षा हीच जास्त आवडतात. डेलने यातली बरीच १९४० च्या दशकात काढली. कव्हरवर कुलपाच्या भोकातून बघणारा डोळा, आत सुरुवातीलाच पात्रांची यादी, आणि मागच्या कव्हरवर चक्क रंगीत नकाशा, गुन्हा कुठे घडला, कुठली खोली, कुठला रस्ता. याला कलेक्टर लोक मॅपबॅक म्हणतात. वाचताना सारखं पुस्तक उलटून बघावं लागतं, म्हणजे मागचं कव्हर आधी झिजतं, त्यामुळे समोरून कोरं आणि मागून भंगार असल्या प्रती भरपूर. ऑनलाइन घेताना मागचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नकाशे गेले आणि साठच्या दशकात कव्हरवर चित्रकार रॉबर्ट मॅकगिनिसच्या लांब पायांच्या बायका आल्या. गोष्टीशी त्यांचा संबंध असेलच असं नाही, पण चित्र असं की माणूस लेखक सोडून चित्रकारच जमवायला लागतो.

आणि हे शेवटचं, 'द नाइफ स्लिप्ड'. कूल आणि लॅमची १९३९ ची कादंबरी, प्रकाशकाने तेव्हा नाकारलेली, ती छापून आली थेट २०१६ मध्ये, गार्डनर १९७० मध्येच गेलेला. कव्हर कुणाचं? नव्वदीतल्या मॅकगिनिसचंच. आता हे व्हिंटेजमध्ये धरायचं की नव्यात, यावर कमेंटमध्ये भांडा, मी तर ते सरळ मॅपबॅकच्या रांगेत लावलंय.