जॉब कार्डावर काय लिहिलंय?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त कोथरूडमधील एका सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून आजचा दिवस. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली होती. हा वारसा असलेल्या गावात आजही एखादं कुटुंब बारा लाखांची गाडी घेतं, सारसबागेच्या गणपतीसमोर नारळ फोडतं, आणि पुढच्या चार महिन्यांत सहा वेळा वर्कशॉपच्या सोफ्यावर बसून येतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मी नोकरीची सगळी वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांच्या क्वालिटी विभागात काढली. निवृत्त झाल्यापासून असे लोक फाईल घेऊन माझ्याकडे येतात. गाडीत दोष असतो, माणूस खरं बोलत असतो, पण फाईल उघडली की जॉब कार्डावर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द असतात: ‘जनरल चेकअप’. खाली सही ग्राहकाची. झालं, त्या भेटीचा पुरावा संपला.

आज मला मुख्यतः या एका कागदाबद्दल बोलायचं आहे.

माझ्या मुलीचीच गोष्ट सांगतो. तिने दसऱ्याला गाडी घेतली, सनरूफवाली. पुढच्या जुलैत ड्रायव्हरशेजारची चटई ओली लागायला लागली. वर्कशॉपने गाडी धुतली, छतावर पाणी मारलं, काही सापडलं नाही. चटई वाळवून परत दिली. असं तीनदा. तिसऱ्यांदा ॲडव्हायझर म्हणाला, “मॅडम, काच उघडी राहिली असेल.” ती घरी येऊन रडली. पैशापेक्षा आपल्याला खोटं ठरवलं याचा त्रास जास्त होता.

मग आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभे राहिलो. आधी एका कोरड्या दिवशी एसी तासभर चालू ठेवला. चटई कोरडीच. म्हणजे एसीचं पाणी नव्हे. मग लक्षात आलं की बावधनला तिच्या बिल्डिंगचा रॅम्प उताराचा आहे आणि गाडी रोज तोंड खाली करून उभी असते. सनरूफच्या चारही कोपऱ्यांना पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या गाडीच्या छताच्या खांबांच्या आतून खाली उतरतात. गाडी सपाटीवर असली की बरंच पाणी मागच्या नळ्यांतून निघून जातं. तोंड खाली असलं की सगळं पुढच्या दोन नळ्यांवर येतं.

चौथ्या वेळी तिने जॉब कार्डावर स्वतःच्या शब्दांत लिहून घेतलं: ‘गाडी उतारावर, पुढची बाजू खाली, तासभर पावसात उभी राहिल्यास डाव्या बाजूची पुढची चटई ओली होते. एसी बंद, काचा बंद. हीच तक्रार याआधी तीन वेळा दिली आहे.’ सोबत तारखा. त्या दिवशी फोरमनने मागची चाकं उंचवट्यावर चढवली आणि छतावर पाण्याची नळी धरली. वीस मिनिटांत कार्पेट भिजलं. डाव्या खांबातली नळी जोडापासून निसटलेली निघाली. त्या कार्पेटखालून वायरिंग जातं. एक पावसाळा तसाच गेला असता तर जोड गंजून नंतर कुठला दिवा कधी पेटला असता, कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणून माझा आग्रह आहे की लक्षण लिहा, निदान लिहू नका. ‘क्लच खराब आहे’ असं लिहिलंत तर ते क्लच तपासून ठीक आहे म्हणतील. ‘सकाळी पहिल्या दहा मिनिटांत, पहिल्या गिअरमध्ये चढावर निघताना गाडी थरथरते, गरम झाल्यावर थांबते’ असं लिहा. इंजिन थंड की गरम, वेग किती, गिअर कोणता, माणसं किती. आवाज असेल तर शेजारच्याला व्हिडिओ काढायला सांगा. टेक्निशियनला बाजूला बसवून कात्रजच्या चढावर न्या आणि दाखवा. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा, निदान स्क्रीनचा फोटो काढा. आणि गाडी परत घेताना काय सापडलं, काय बदललं हे लिहिलेली प्रत हातात आल्याशिवाय ‘समाधानी’ या रकान्यावर सही करू नका.

डिलिव्हरीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. पासिंग होण्याआधी गाडी यार्डात, दिवसाउजेडी बघा. चासी नंबर बिलाशी ताडा, किलोमीटर बघा. टायरवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नंबर पडल्यावर ‘दुसरी गाडी द्या’ म्हणणं फार अवघड होतं. आणि बाहेरून हॉर्न-दिवे बसवताना कुणाला वायर कापू देऊ नका. वॉरंटी नाकारायला तेवढं निमित्त पुरतं.

आता, गाडीच बदलून द्या हा हट्ट. अमेरिकेत कनेक्टिकटने १९८२ मध्येच असा कायदा केला की ठरावीक प्रयत्नांत दोष गेला नाही तर कंपनीने गाडी बदलायची किंवा पैसे परत करायचे. आपल्याकडे गाड्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही, आणि तो व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. २००६ साली क्लचच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून दोष मुळातच उत्पादनातला आहे आणि वारंवार दुरुस्तीनंतरही जात नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं. ते दाखवणार कशावरून? त्या सहा जॉब कार्डांवरून.

दोनतीन भेटींत फरक पडला नाही तर डीलर आणि कंपनी दोघांनाही ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याने मोठी सोय केली: कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो.

पण मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. हे मी पुन्हा सांगतो. “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू, साहेब” या गोड वाक्यात दोन वर्षं निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी कारण पटवावं लागतं.

एक वेगळी गोष्ट म्हणजे रिकॉल. १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती सरकारला करता येते. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की तुमची गाडी त्यात आहे का ते कळतं. आज रात्री घरी गेल्यावर बघा.

ज्यांनी जॉब कार्डं सोबत आणली आहेत त्यांनी पुढे या. मी चष्मा आणला आहे, एकेक बसून वाचू.