पोपटाचे वागणे एकाएकी बदलते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. कालपर्यंत खांद्यावर बसून दाणे टिपणारा पोपट आज हात पुढे करताच कडकडून चावतो. सकाळ-संध्याकाळ बडबडणारा पक्षी दोन दिवस गप्प राहतो, किंवा दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात बसतो. अशा वेळी घरातली माणसे पहिला निष्कर्ष काढतात तो स्वभावाचा: मिठू रुसला आहे, चिडका झाला आहे, त्याला कोणाची तरी दृष्ट लागली आहे. मला आज आग्रहाने सांगायचे आहे ते असे, की पोपटाच्या वागण्यात एकाएकी पडलेला फरक हा आधी त्याच्या शरीराचा, मग घरातल्या हवेचा आणि दिनक्रमाचा, त्यानंतर ऋतूचा आणि सर्वांत शेवटी स्वभावाचा प्रश्न समजावा. हा क्रम उलटा लावल्यामुळे, ज्यांच्यावर उपचार होऊ शकले असते असे कितीतरी पक्षी दगावतात.

पोपट मुळात थव्यात राहणारा आणि शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य असलेला जीव आहे. थव्यातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून आजार लपवणे ही या पक्ष्यांची उपजत प्रवृत्ती बनलेली आहे आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या, माणसाच्या हातून भरवून वाढवलेल्या पोपटातही ती तशीच टिकून राहते. अंगात त्राण आहे तोवर तो दांडीवर ताठ बसेल, कोणी समोर आले की दाणे चोचीत घेऊन फोडल्यासारखे करील आणि माणूस खोलीबाहेर गेला की पुन्हा डोळे मिटून घेईल. पक्षी गेल्यावर मालक म्हणतात, ‘काल तर अगदी चांगला होता.’ त्यांचे म्हणणे खरे वाटण्यासारखे असते, कारण काल त्याच्यापाशी आजार लपवण्याइतकी शक्ती शिल्लक होती. म्हणून पोपटाचे निरीक्षण त्याच्या नकळत, दाराआडून किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून करावे. दिवसाढवळ्या पिसे फुगवून बसणे, दोन्ही पायांवर बसून झोपणे, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, नाकपुड्यांच्या वरची पिसे ओली किंवा चिकटलेली दिसणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. निरोगी पोपट झोपताना बहुधा एक पाय पोटाशी घेतो, हेही या निमित्ताने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आजार ओळखण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन घरातच असते, आणि नेमके तेच आपण रोज सकाळी न पाहता गुंडाळून फेकतो. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घातला तर पोपटाच्या शिटेचे तीन भाग स्पष्ट दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, त्याला लागून पांढरा भाग आणि भोवती थोडे स्वच्छ पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी होऊ लागला तर यकृताच्या विकाराची शंका येते. घट्ट भाग अगदी थोडा आणि काळपट हिरवा असेल, तर पक्षी दाणे नुसते फोडतो आहे, पोटात काही जात नाही, असे समजावे. अख्खे दाणे न पचता बाहेर पडत असतील तर पचनसंस्थेचा आजार असू शकतो. डाळिंब, बीट, पपई खाल्ल्यावर रंग तात्पुरता बदलतो आणि रसाळ फळांनी पाणी वाढते, तेवढ्याने घाबरून जाऊ नये. याच्या जोडीला ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा वापरावा. पाळीव विदेशी पोपटांपैकी चिमुकला बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, डोक्यावर तुरा असलेला कॉकेटील ८० ते १०० ग्रॅमचा, तर करड्या रंगाचा आफ्रिकन ग्रे ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो. आठवड्यातून एकदा, सकाळी दाणे देण्यापूर्वी वजन करून ते वहीत लिहावे आणि एक दशांश घट दिसली की, पक्षी वरवर कितीही ठणठणीत भासला तरी, थांबू नये. बजरीगरच्या अंगावरची पिसे त्याची छातीची वर आलेली हाडे झाकून टाकतात, काटा मात्र काही झाकत नाही.

आता घरातल्या हवेकडे वळू. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून शरीरभर हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा फार कार्यक्षमतेने शोषून घेतात. उडण्यासाठी लाभलेली ही देणगी घरात त्यांच्या जिवावर उठते, कारण विषारी धूरही ते तितक्याच वेगाने आत घेतात. नॉनस्टिक तवा रिकामा राहून सुमारे २८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जेमतेम जाणवतो, पण शेजारच्या खोलीतल्या पोपटाचा काही मिनिटांत बळी घेऊ शकतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रंगाचा वास, मिरचीच्या फोडणीचा ठसका आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर यांचा परिणाम सहसा इतका झटपट होत नाही. मात्र पक्षी गप्प होतो, धापा टाकतो, आवाज बसल्यासारखा बोलतो, आणि आपल्याला वाटते की तो नाराज आहे. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा देवघराशेजारी टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्वासाच्या तक्रारींमध्ये एक आजार असा आहे, की ज्याची माहिती घरातल्या माणसांच्या हितासाठीही असायला हवी. क्लॅमिडिया सिटासी या जीवाणूमुळे होणारा सिटाकोसिस पोपटांच्या वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसाला होऊ शकतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून विक्रीसाठी नेलेल्या पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. पक्षी मलूल झाला असेल, त्याचे डोळे पाणावले असतील आणि त्याच सुमारास घरात कोणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू झाला असेल, तर आपल्या डॉक्टरांना घरी पोपट असल्याचे आवर्जून सांगावे. आजार ओळखला गेला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

शरीर आणि हवा यांबद्दल खात्री झाली की मग दिनक्रमाचा विचार करावा. पोपटाला रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. दिवाणखान्यात रात्री बारापर्यंत दूरचित्रवाणी चालू असेल आणि पहाटे पाचला पाण्याची मोटर लागत असेल, तर तो पक्षी महिनोन्‌महिने अपुऱ्या झोपेवर दिवस काढत असतो आणि एके दिवशी चावू लागतो. पिंजऱ्याची जागा बदलणे, घरात पाहुणे किंवा तान्हे मूल येणे, नेहमी दाणे घालणारी व्यक्ती गावाला जाणे, खिडकीबाहेर मांजर येऊन बसणे, अशा आपल्या दृष्टीने क्षुल्लक गोष्टी त्याला भयभीत करतात. कॉकेटील तर रात्री अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात धडपडतात आणि पंख रक्तबंबाळ करून घेतात. त्यांच्यासाठी रात्री मंद दिवा ठेवावा.

ऋतूचा भाग थोडा विस्ताराने सांगतो, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. पोपट वयात येतो तेव्हा, म्हणजे लहान जातींत वर्षाच्या आत-बाहेर आणि मोठ्या जातींत काही वर्षांनी, त्याच्या वागण्यात खरोखरच फरक पडतो. दिवस मोठा होऊ लागला, खाणे मुबलक मिळाले, पिंजऱ्यात किंवा कपाटामागे अंधारी बोळकांडी सापडली, की विणीची प्रेरणा जागी होते. मग तो एकाच माणसाला जोडीदार मानतो, त्याच्यासमोर गिळलेले दाणे ओकून भरवू पाहतो आणि त्या माणसाजवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. आपण लाडाने त्याच्या पाठीवरून आणि पंखांखालून हात फिरवतो, पण पोपटाच्या लेखी तो जोडीदाराचा स्पर्श असतो आणि त्याने ही उत्तेजना वाढतच जाते. कुरवाळायचे असेल तर डोके आणि मान एवढ्यावरच थांबावे, घरट्यासारखी खोकी, झोपड्या पिंजऱ्यातून काढाव्यात आणि संध्याकाळी लवकर अंधार करावा, म्हणजे काही आठवड्यांत बहुतेक पक्षी निवळतात. मादीच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहावे लागते. नर जवळ नसतानाही ती अंडी घालू शकते. तळाशी बसून ती कुंथत असेल, पोट फुगलेले असेल, पाय लुळे वाटत असतील, तर अंडे अडकले आहे असे समजून तातडीने दवाखाना गाठावा. काही तासांचा उशीरही तिला भोवतो.

पिसे गाळण्याच्या काळात पोपट चिडचिडा होतो, कारण नवी पिसे रक्ताने भरलेल्या नळ्यांत असतात आणि त्यांना धक्का लागला की दुखते. हे काही आठवड्यांचे काम आहे. पिसे उपटणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. छाती, पाय, पंख उघडे पडले आणि डोक्यावरची पिसे मात्र शाबूत असली, तर पोपट ती स्वतःच उपटतो आहे, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. त्यामागे त्वचेचा किंवा आतल्या अवयवांचा विकार असू शकतो, आणि तो नसेल तर बहुधा रिकामपण असते. अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी अनेक वर्षे शिकवलेला अ‍ॅलेक्स हा आफ्रिकन ग्रे रंग, आकार आणि वस्तूंची नावे सांगत असे आणि सहापर्यंतची संख्या ओळखत असे. एवढी बुद्धी असलेल्या जिवाला दिवसभर एक दांडी, एक घंटी आणि एक आरसा देऊन कोंडून ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. कुरतडायला कडुलिंबाच्या ताज्या काटक्या, कागदात गुंडाळून लपवलेले दाणे, रोज काही वेळ पिंजऱ्याबाहेर मोकळीक, एवढेही पुष्कळ उपयोगी पडते.

आहाराबद्दल थोडक्यात सांगतो. पेरू आणि हिरवी मिरची हे पोपटाचे संपूर्ण अन्न आहे, हा आपल्याकडचा समज आता सोडून द्यायला हवा. तसेच केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते, आणि आफ्रिकन ग्रेमध्ये कॅल्शियमच्या अभावी झटकेसुद्धा येतात. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट पोपटाला विषासमान आहेत.

एवढे सगळे तपासूनही चावणे उरले, तर ते बहुतेकदा आपणच शिकवलेले असते. चावण्याआधी पोपट सांगतो: डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात, मानेवरची पिसे उभी राहतात, शेपटी पसरते. या खुणांकडे दुर्लक्ष करून आपण हात पुढे नेतो, तो चावतो, आपण ओरडून हात मागे घेतो, आणि चावल्याशिवाय माणसाला कळत नाही हा धडा तो घेतो. त्याला मारू नये, चोचीवर टिचकी देऊ नये, पिंजऱ्यावर कापड टाकून शिक्षा करू नये. खुणा दिसताच थांबावे आणि तो आपण होऊन जवळ आला की आवडीचा दाणा द्यावा.

शेवटी एक अवघड पण आवश्यक गोष्ट बोलतो. आपला कंठवाला राघू आणि पहाडी पोपट हे वन्य पक्षी आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारख्या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात (साइटिस) नोंदलेल्या विदेशी पक्ष्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. कायद्याच्या भीतीने अनेक घरांत आजारी राघू दवाखान्यात न नेता तसाच झुरत ठेवला जातो, किंवा एके दिवशी खिडकीतून सोडून दिला जातो. पंख छाटलेला, अन्न शोधायला न शिकलेला पक्षी असा सोडला तर कावळे आणि घारी त्याला टिकू देत नाहीत. अशा घरांनी वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर संपर्क साधावा आणि पक्षी त्यांच्या देखरेखीखाली द्यावा.

दवाखान्यात नेताना पिंजरा धुऊन नेऊ नये, आदल्या दिवशीचा शिटेचा कागद, वजनाची वही आणि पक्षी खातो ते दाणे सोबत घ्यावेत. परळ, नागपूर, शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, आणि जवळच्या डॉक्टरांना पक्ष्यांचा अनुभव नसेल तर तेथे चौकशी करता येते. वाटेत पिंजरा तीन बाजूंनी झाकावा, वारा लागू देऊ नये आणि पक्षी फुगून बसला असेल तर सुमारे ३० अंशांची ऊब द्यावी. माणसांची औषधे, हळदीचे दूध, ब्रँडीचे थेंब चोचीत घालू नयेत, कारण घाबरलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत ते उतरते. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो बदल नेमका कोणत्या दिवशी दिसला हा, म्हणून ती तारीख आजपासूनच वहीत टिपून ठेवावी. नमस्कार.