टाचणी, दोरा आणि ठिपक्यांचा कागद

(दृश्य : टेबलावर फोमचा तुकडा, त्यावर जाड पांढरा कागद. टाचणी कागदात शिरते, बाहेर येते.)

कापडावर टाका चुकला तर उसवता येतो. दोरा ओढून काढला, नखाने थोडं चोळलं, की भोक बुजतं. कागदाला ही सोय नाही. एकदा पडलेलं भोक कायमचं. त्यामुळे हाताने टाके घालून शुभेच्छापत्र करायचं, तर सुईत दोरा ओवण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. भोकं कुठे पाडायची हे ठरलं, की नमुना ठरला.

हे काम शिकायला घेतलं की पहिला प्रश्न येतो तो नमुन्यांचा. तयार संच मिळतात, परदेशी पुस्तकं मिळतात. त्यांत नाताळचं झाड, घंटा, हिमकण भरपूर. पण दिवाळीचं, संक्रांतीचं, बारशाचं पत्र करायचं असेल, तर नमुन्यांचा साठा मराठी घरात आधीपासूनच आहे. तो रांगोळीच्या डब्यात आहे.

(दृश्य : घडीच्या खुणा पडलेला जुना कागद. त्यावर ओळीने भोकं, कडा जळून तपकिरी झालेल्या.)

हा ठिपक्यांचा कागद. जाडसर कागदावर समान अंतरावर खुणा करायच्या आणि पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायचं. सारवलेल्या अंगणात किंवा दारापुढच्या फरशीवर हा कागद ठेवायचा, वरून रांगोळी टाकून हात फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा. खाली ठिपके तयार. या कागदाच्या जोडीला बहुतेक घरांत एक वही असते, आईची किंवा आजीची. तिच्यात प्रत्येक रांगोळीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं : ‘१३ ते ७’, ‘७ ते ४’.

‘७ ते ४’ घ्या. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. एकूण ३७ ठिपके. दोन ठिपक्यांत ८ मिलिमीटर अंतर धरलं, तर सगळी आकृती पाच सेंटिमीटरच्या आत मावते. पोस्टकार्डाएवढ्या पत्रावर मधोमध बसते आणि खाली नाव लिहायला जागा उरते.

मात्र वहीतली प्रत्येक रांगोळी चालत नाही. दोरा भोकापासून भोकापर्यंत सरळच जाणार. म्हणून जिथे ठिपके सरळ रेघांनी जोडलेत, त्या रांगोळ्या आधी निवडाव्यात. पाकळ्यांचे बाक असतील, तर त्या बाकावर तीन-तीन मिलिमीटरवर जादा भोकं पाडावी लागतात. आणि ठिपक्यांना वळसे घालत जाणाऱ्या रांगोळ्या जमिनीवरच शोभतात. पत्रावर त्यांचा हट्ट धरू नये.

(दृश्य : एक चौकोनी पत्र. सरळ दोऱ्यांच्या मधोमध एक स्वच्छ गोल.)

आता हे पाहा. यात एकही दोरा वाकलेला नाही, तरी मध्ये गोल उमटलाय. हा चमत्कार एका इंग्रज मुलीला खेळता खेळता सापडला होता. तिचं नाव मेरी एव्हरेस्ट. जन्म १८३२ चा. जगातलं सर्वांत उंच शिखर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट तिचे काका. पुढे तिचं लग्न झालं ते गणिती जॉर्ज बूल यांच्याशी. त्यांच्या तर्कगणितावर आजचे संगणक चालतात.

मेरीबाईंच्या लहानपणी दुकानांत सुया-टाचण्या ठेवायची घडीची पाकिटं करण्यासाठी कार्डांच्या जोड्या मिळत. त्यांवर चित्र रंगवायचं आणि कडेच्या भोकांतून दोन्ही कार्डं एकमेकांना शिवायची, अशी ती कल्पना. मेरीला चित्र काढता येत नसे. तिने कडेच्या भोकांतून रेशमी दोरे कार्डावर आडवेतिडवे ओढायला सुरुवात केली. आधी समोरासमोरची भोकं जोडली. त्याचा कंटाळा आला, तेव्हा समोरचं सोडून थोडं बाजूचं भोक धरलं. मध्ये मोकळी जागा राहिली, आणि त्या जागेची कड वळणदार होती! तो आनंद आजही आठवतो, असं त्यांनी १९०४ साली लिहिलं, वयाच्या सत्तरीनंतर. तोवर मुलांच्या हाताला गणित कळावं म्हणून त्या अशी कार्डं शिकवण्यात वापरत होत्या. चित्रकला येत नाही म्हणून पत्र करायला कचरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

(दृश्य : कंपासपेटी उघडते. कर्कटक, कोनमापक.)

आपण तेच करू. कर्कटकाने ३ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ, तेही पत्रावर नाही, वेगळ्या कागदावर. कोनमापकाने दर १० अंशांवर एक खूण, म्हणजे ३६ खुणा. त्यांना ओळीने १ ते ३६ आकडे द्यायचे. हा कागद पत्रावर चिमट्याने घट्ट बसवायचा, खाली फोम घ्यायचा आणि दोन्ही कागदांतून टाचणी आरपार. टाचणी सरळ उभी हवी. तिरकी गेली की मागच्या बाजूला भोक सरकतं.

आता टाके. सुई १ मधून वर, १३ मध्ये खाली. मागच्या बाजूने शेजारच्या १४ ला वर, तिथून २ मध्ये खाली. मागून ३ ला वर, १५ मध्ये खाली. असं पुढे. लांब दोरे सगळे दर्शनी बाजूला, मागे फक्त बारीक टिपा. प्रत्येक भोकातून दोन दोरे जातात. छत्तिसावा दोरा पडला की मधला गोल पूर्ण होतो, आणि त्याचा व्यास बाहेरच्या वर्तुळाच्या बरोबर निम्मा असतो. बाराच्या जागी पंधरा भोकं पुढे गेलात, तर तो आकसून जवळपास पाव होतो.

या एका वर्तुळाला दोन मीटरहून थोडा जास्त दोरा लागतो. भरतकामाच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची आणि तिच्यात सहा पदर. एकच पदर सोडवून घेतला, तर एका लडीत वीसेक पत्रं सहज होतात. दोरा मात्र एका वेळी हातभरच ओवावा. लांब दोरा कागदाच्या कडांवर घासून पिंजतो.

(दृश्य : काळी चंद्रकळा, तिच्यावर कसुती भरतकामातलं गोपूर. शेजारी आलेखाचा कागद.)

चौकटीत बसणारे नमुने हवे असतील, तर धारवाडकडच्या कसुतीकडे वळावं. कोल्हापूर-सोलापूर भागातल्या इरकली साड्यांवर ती पाहायला मिळते : रथ, पालखी, तुळशीवृंदावन, कमळ. कसुती धागे मोजून भरतात, म्हणून ती आलेखाच्या कागदावर जशीच्या तशी उतरवता येते. तिच्यातला गवंतीचा टाका पत्रासाठीच केल्यासारखा आहे. आधी एक सोडून एक धावदोरा घालत जायचं, मग त्याच वाटेने परत येत मधल्या जागा भरायच्या. गाठ नाही, आणि मागची बाजू पुढच्याइतकीच नीटस. पत्र उघडल्यावर आतली बाजू झाकायची गरजच पडत नाही. वारली माणूस त्याहून सोपा : टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, पाच भोकांत धड तयार.

एक गोष्ट मात्र टाळावी. कापडावर खुलणारं दाट, भरीव भरतकाम कागदावर घेऊ नये. भोकं मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर आली, की कागद टपाल तिकिटाच्या कडेसारखा त्या रेषेत फाटतो. कागद २०० ते २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा घ्या. त्याहून पातळ कागदावर गडद दोऱ्याची मागची टीप पुढून दिसते. गाठीही मारू नका. दोऱ्याचं टोक मागे चिकटपट्टीने दाबा. गवंतीचा टाका नसेल, तर सगळं झाल्यावर मागे एक पातळ कागद अस्तरासारखा चिकटवा.

(दृश्य : वहीचं पान. ठिपके, आकडे, बाण.)

वापरून झालेला भोकांचा कागद टाकू नका. त्याच्या कडेला आकडे आणि टाक्यांचा क्रम लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला तोच कागद नव्या पत्रावर ठेवता येतो. कुणाच्या पुस्तकातला नमुना असेल, तर त्यांचं नावही तिथेच लिहा, आणि पत्रं विकायची असतील तर आधी त्यांना विचारा. रांगोळीच्या वहीला असं कुणी धनी नाही. त्या रांगोळ्या एकीच्या वहीतून दुसरीच्या वहीत अशाच उतरत आल्या. आपण काढलेला नमुनाही तसाच द्यावा. ‘३६ भोकं, बारा पुढे’, एवढं फोनवर सांगितलं तरी अमेरिकेतली भाची तो तिकडे बसून शिवू शकते.