टोकाशी अनंत

१६ जानेवारी १९४३ची रात्र. अमेरिकेतलं पोर्टलंड. धक्क्याला बांधलेलं ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज. वादळ नाही, लाटा नाहीत. हवा तेवढी गोठवणारी. एकाएकी प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलं. तळाचे पत्रे तेवढे जोडलेले राहिले. रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा बहुधा एका पत्र्याच्या कडेला अडला असता. हे वेल्डिंगचं जहाज; तड्याला अडवायला कडच नव्हती.

पण तडा सुटतो कसा?

१९१३ साली केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी ताणलेल्या पत्र्यातल्या भोकाचं गणित मांडलं. भोक गोल असेल, तर कडेला ताण तिप्पट. ओढीला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब असेल, तर टोकाशी एकवीसपट. चेपत चेपत त्याची नुसती चीर झाली, की अनंत! याला म्हणतात सिंग्युलॅरिटी.

इथे पंचाईत झाली. अनंत ताण सोसणारं पोलाद कुठून आणणार? या हिशेबाने बारीकशी चीर असलेली वस्तू हात लावताच मोडायला हवी. तशी ती मोडत नाही. फार्नबरोच्या ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग केले आणि टोकाचा नाद सोडून ऊर्जेचा जमाखर्च मांडला. चीर वाढताना सुटणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करायला पुरली, तर तडा धावतो.

१९५७मध्ये जॉर्ज अर्विन यांनी त्या अनंताशीच जुळवून घेतलं. टोकापासूनचं अंतर चौथाई केलं की ताण दुप्पट. हा वर्गमुळाचा नियम प्रत्येक चिरेला सारखाच. चिरेगणिक बदलतो तो गुणक, ‘के’. ताण किती, हा प्रश्नच बाद. ‘के’ किती, ते बोला! त्याचं एककही चमत्कारिक: मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ. खिडकीची काच एकच्या आतच हार मानते. चांगलं पोलाद शंभराच्या आसपास टिकतं. त्या काळचं जहाजी पोलाद मात्र थंडीत ठिसूळ होई.

असलं अनंत चिरेतच भेटतं असंही नाही. सपाट, धारदार कडेचा ठोकळा मऊ पृष्ठभागावर दाबा. कडेशी दाब याच वर्गमुळाच्या नियमाने चढतो. म्हणून बेअरिंगमधले रोलर, दिसायला सरळ असले तरी, टोकांकडे काही मायक्रॉन निमुळते घासलेले असतात.