एक लाइन, दोन मजले

(दृश्य : इंदूर, राजेंद्र नगर. दुमजली घर. खिडकीच्या गजातून जिन्याकडे गेलेली करडी केबल.)

इंदूरच्या राजेंद्र नगरात, रामबागेत, लोकमान्य नगरात २००० सालाच्या आगेमागे मराठी घरांमधून कॉम्प्युटर दिसू लागले. पहिला यायचा तो बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी नाहीतर मुलीसाठी. दोन-तीन वर्षांनी खाली नवा आला की जुना वरच्या मजल्यावर, काकांकडे जायचा. टेलिफोनची लाइन मात्र घरात एकच असायची, आणि इंटरनेट यायचं ते त्या लाइनीतूनच.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते फक्त महानगरांत होतं. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, आणि पुढे इंदूरच्या दुकानांतही तासांच्या हिशेबाने पॅक मिळू लागले. पण पॅकचे पैसे वेगळे आणि फोनचं बिल वेगळं. नेट चालू असेपर्यंत दर तीन मिनिटांनी फोनचा मीटर एक घर पुढे सरकायचा. एकाच मिनिटाचे दोन ठिकाणी पैसे.

म्हणून एका लाइनीवर दोन कॉम्प्युटर चालवायची धडपड वेगासाठी नव्हती. वेग उलट कमीच व्हायचा. मोजून पैसे दिलेल्या त्या मिनिटात घरातल्या दोघांना बसता यावं, एवढ्यासाठी ती होती. मध्यमवर्गीय घरातली ही काटकसर मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यासाठी कॉलेजातल्या पोरांनी नेटवर्किंग स्वतःच्या हाताने शिकून घेतलं.

(दृश्य : जेल रोड. दुकानाच्या काउंटरवर क्रिम्पिंग टूल (केबलला प्लग बसवायचा चिमटा), केबलचं सोललेलं टोक.)

सुरुवात व्हायची केबलपासून. करड्या आवरणात आठ तारा, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. दोनच कॉम्प्युटर थेट जोडायचे असतील तर क्रॉस केबल लागते. एका टोकाला आधी पांढरी-नारिंगी आणि नारिंगी, दुसऱ्या टोकाला त्याच जागी पांढरी-हिरवी आणि हिरवी. एकाची बोलणारी जोडी दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या जोडीवर गेली पाहिजे, म्हणून ही अदलाबदल. निळ्या आणि तपकिरी तारांना या कामात काहीच भूमिका नाही, पण क्रमाने बसवायच्या त्याही. आठही तारा नखाने सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, प्लगच्या आठ खाचांत शेवटपर्यंत सारायच्या आणि टूल दाबायचं. नारिंगी किंवा हिरव्या जोडीतली एक तार जरी अर्धवट राहिली तरी नेटवर्क कार्डावरचा हिरवा दिवा लागत नाही.

दिवा लागला की घरातल्या घरात वेग सेकंदाला १ कोटी बिट. बाहेर जायच्या वाटेवर मात्र मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या लाइनीवरून नेटशी जोडणारं यंत्र, तेही ५६ के, म्हणजे सेकंदाला फार तर ५६ हजार बिटचं, आणि प्रत्यक्ष जोडणी लागली की पडद्यावर आकडा दिसायचा ४५,३३३ बिट. म्हणजे सेकंदाला साडेपाच किलोबाइटच्या आसपास. चार एमबीचं एक गाणं उतरवायला बारा-तेरा मिनिटं, म्हणजे फोनचे चार-पाच पल्स, मीटरची तेवढी घरं.

(ध्वनी : मोडेमची जोडणी.)

हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आधी नंबर फिरवल्याचे सूर, मग पलीकडून २१०० हर्ट्झचा एकसुरी स्वर. तो लाइनवरची प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा बंद करायला सांगतो. त्यानंतरची खरखर म्हणजे दोन मोडेम ही लाइन किती स्वच्छ आहे ते चाचपतायत. घर झोपलेलं असेल तर सेटिंगमध्ये ‘एटीएम शून्य’ अशी आज्ञा लिहिली की हे सगळं मुकाट्याने व्हायचं.

१९९९मध्ये विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत इंटरनेट वाटून घेण्याची सोय आली. त्याआधी त्यासाठी वेगळं प्रॉक्सी (दुसऱ्याच्या वतीने नेटवरून मागवून देणारं) सॉफ्टवेअर बसवावं लागायचं. आता मोडेम असलेल्या कॉम्प्युटरवर ती सोय चढवायची, की तो स्वतः १९२.१६८.०.१ हा नेटवर्कमधला पत्ता घेतो आणि वरच्याला पुढचा एखादा पत्ता देतो, समजा १९२.१६८.०.२. वर काकूंनी ब्राउझरमध्ये वेबसाइटचा पत्ता टाकून एंटर दाबलं, की खालच्या खोलीत मोडेम आपोआप नंबर फिरवायला लागायचा.

यातली खरी करामत आतमध्ये आहे. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. जगभर असंख्य घरांत तेच आकडे असतात, म्हणून ते घराबाहेर चालत नाहीत. बाहेर चालणारा पत्ता नेट देणाऱ्या कंपनीकडून मिळायचा, तोही एकच आणि जोडणी टिकेपर्यंतच. मग खालचा कॉम्प्युटर काय करतो? नेटवर डेटा छोट्या-छोट्या पाकिटांत जातो; वरून आलेल्या अशा प्रत्येक पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो, तिथे आपला लिहितो, सोबत एक पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखायचा आकडा) टाकतो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो : हा पोर्ट म्हणजे वरचा कॉम्प्युटर. उत्तर त्या पोर्टवर आलं की तक्ता बघून वर पाठवतो. बाहेरच्या सर्व्हरला घरात दुसरा कॉम्प्युटर आहे याचा पत्ताच लागत नाही.

अडचणी होत्याच. एक पूर्ण पाकीट १५०० बाइटचं, ते या लाइनीतून यायला पाव सेकंदाहून जास्त घेतं. वर गाणं उतरत असेल तर अशी सात-आठ पाकिटं रांगेत उभी, आणि खाली चॅटवर टाइप केलेल्या दोन शब्दांचं उत्तर दोन सेकंद मागे. ओरडा तिथून सुरू व्हायचा : “काका, डाउनलोड थांबवा ना जरा!”

कुणी पॅरलल फोन उचलला की जोडणी तुटायची. पुण्याहून फोन करणाऱ्या मावशीला तासन्‌तास एंगेज टोन मिळायचा. मध्य प्रदेशात तेव्हा वीजकपात नेहमीची. टेलिफोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी लाइन जिवंत असायची. पण खालचा कॉम्प्युटर बंद पडला की वरच्याचं नेट गेलंच. आणि पावसाळ्यात आकाश गडगडलं की मोडेमची वायर आधी काढायची, कारण वीज फोनच्या तारेतून आत शिरून मोडेम जाळते. मालव्यातल्या घरांना हे सांगावं लागत नसे.

(दृश्य : भिंतीवरचा स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळे करणारी डबी), एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला राउटर.)

२००५मध्ये भारत संचार निगमाचं ब्रॉडबँड आलं. तांब्याची तार तीच राहिली. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि डेटा त्याच्या बराच वर, म्हणून फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागले. पत्ते बदलणारा तो तक्ता राउटरमध्ये गेला आणि वरच्या मजल्यासाठी खालचा कॉम्प्युटर चालू ठेवायची गरज संपली. घरातला पत्ता मात्र आजही बहुतेक राउटर १९२.१६८नेच सुरू करतात.